तापमान सावकाश वाढतंय, मग हवामान 'अचानक' बदलेल असं का म्हणतात?

पानगळ:
माझी मुलगी नववीत आहे. जागतिक तापमानवाढीवर तिला वर्गात सात मिनिटं बोलायचंय, म्हणून आम्ही दोघी आकडे गोळा करत बसलो होतो. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे वर्ष १८५०-१९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी गरम होतं. माणसामुळे होणारी वाढ दर दहा वर्षांना ०.२ अंश किंवा थोडी जास्त. हे वाचून तिने वहीच्या समासात भागाकार केला आणि म्हणाली, "आई, म्हणजे वर्षाला ०.०२ अंश. सकाळ आणि दुपारमध्ये याच्या पाचशेपट फरक असतो. इतकं सावकाश चाललंय तर माणसं, झाडं, प्राणी सगळे सवय करून घेतील की. मग सगळीकडे 'अचानक हवामानबदलाचा धोका' असं का लिहितात?"

मला उत्तर देता आलं नाही. बर्फ वितळेल, समुद्र वर येईल असं काहीतरी बोलले, पण बोलताना मलाच जाणवलं की तेही सावकाशच होणार ना? तिची शंका खोटी नाही, म्हणून तिला गप्प बसवायचं नाहीये. कुणी साध्या भाषेत सांगेल का? घाबरवणारं नको, खरं असेल ते सांगा.

खाडीकाठ:
मुलीने भागाकार बरोबर केला, पण अख्ख्या पृथ्वीच्या सरासरीची तुलना एका जागच्या सकाळ-दुपारशी केली, तिथे गफलत झाली. ती सरासरी फार जड असते. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं, तेव्हा पृथ्वीची सरासरी औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा ५ ते ७ अंशांनीच कमी होती. तेवढ्या फरकात उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागावर काही किलोमीटर जाडीचा बर्फ होता आणि समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटर खाली होता. त्यातून बाहेर पडायला पृथ्वीला दहा हजारांच्या आसपास वर्षं लागली. आपण दीड अंश दीडशे वर्षांत चढलोय.

'अचानक'चं मात्र हिमकणताईंनी सांगावं. त्यांनी हे हाताने केलंय.

दुसरीबाजू:
मी जे वाचलंय ते मांडतो, चुकत असेन तर सांगा. ग्रीनलंडच्या बर्फात असे पुरावे आहेत की हिमयुगात तिथलं तापमान काही दशकांत १० अंशांनी वाढलं होतं. तेव्हा ना कारखाने होते, ना गाड्या. म्हणजे हवामान स्वतःहून उड्या मारतच आलंय. मग आजच्या दीड अंशाचा एवढा घोर कशाला? निसर्गाने याहून मोठं केलंय आणि माणूस तरीही टिकलाय.

हिमकण:
खाडीकाठ, आठवण काढलीत, आभार. पानगळ, जरा सविस्तर लिहिते. दुसरीबाजू यांचं उत्तरही त्यातच येईल, कारण त्यांनी जो पुरावा दिलाय त्याच पुराव्याने माझी झोप उडवली होती.

आधी मुलीच्या शंकेबद्दल. ती एक गोष्ट न सांगता धरून चाललीय, आणि आपण सगळेच ती धरून चालतो: ढकलणारा हात सावकाश असेल तर ढकललेली वस्तूही सावकाशच सरकणार. टेबलाच्या कडेकडे पेला बोटभर बोटभर सरकवत न्या. बराच वेळ तिचं म्हणणं खरं ठरतं. शेवटच्या बोटाला मात्र पेला किती वेगाने खाली जाईल हे तुमचं बोट ठरवत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००२ मध्ये 'अचानक' या शब्दाची जी व्याख्या केली ती हीच आहे: हवामानाची व्यवस्था एखादा उंबरठा ओलांडते आणि मग बदलाचा वेग ती व्यवस्था स्वतः ठरवते, तो वेग कारणाच्या वेगापेक्षा जास्त असतो.

आता हे नुसतं म्हणणं आहे की खरंच घडलंय, ते सांगते.

मी अकरा वर्षं एका प्रयोगशाळेत बर्फाचे गाभे कापायचं काम केलं. मी शास्त्रज्ञ नाही, नमुने तयार करणारी. उणे २० अंशांची खोली, आत सुती आणि वर जाड असे दोन जोड हातमोजे, आणि बँड सॉ. तिच्या पात्याखालून बर्फाचा भुगा पिठासारखा उडायचा आणि पापण्यांवर बसायचा. ग्रीनलंडच्या हिमचादरीत भोक पाडून काढलेला दंडगोल ५५ सेंटिमीटरच्या तुकड्यांत आमच्याकडे यायचा. या तुकड्याला 'बॅग' म्हणतात. प्रत्येक बॅगेवर नंबर, आणि बाणाने दाखवलेली वरची बाजू. बाण चुकला तर काळ उलटा वाचला जाईल, म्हणून करवत सुरू करण्याआधी बाण मोठ्याने बोलून दाखवायची आमची पद्धत होती.

कापण्याआधी तुकडा काळ्या पाठीवर ठेवून बाजूने उजेड सोडायचा. स्वच्छ बर्फ असेल तर तो काळाभोर दिसतो. धूळ असेल तर दुधाळ पट्टे उमटतात. हिमयुगाच्या थंड, कोरड्या काळात आशियातल्या वाळवंटांची धूळ वाऱ्यावर पार ग्रीनलंडपर्यंत जायची, म्हणून तो बर्फ दुधाळ. नंतरच्या उबदार काळाचा बर्फ काळा.

एकदा टेबलावर सुमारे ११,७०० वर्षांपूर्वीचे तुकडे आले. 'यंगर ड्रायस' नावाचा थंडीचा काळ संपतानाचे. ड्रायस हे गारठ्यातल्या उघड्या माळावर उगवणारं छोटं पांढरं फूल. त्याची पानं युरोपातल्या जुन्या गाळात सापडली म्हणून हे नाव पडलं. हा गारठा सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी सुरू झाला आणि बाराशे वर्षं टिकला. मी आधीच्या तुकड्यापासून एकेक तुकडा वर सरकवत होते. दुधाळ, दुधाळ, दुधाळ. मग पट्टे विरळ होऊ लागले आणि पुढचे तुकडे काळे. त्या खोलीवर एका तुकड्यात साधारण दहा ते वीस वर्षांचा बर्फ असतो. मी बोटांवर मोजलं आणि परत मोजलं. इतकी वर्षं 'हजारो वर्षांचा बदल', 'भूगर्भीय काळ' असे शब्द ऐकून माझ्या डोक्यात काहीतरी अथांग, संथ असं चित्र होतं. आणि इथे एक काळ संपून दुसरा सुरू झाला होता तो माझ्या टेबलाच्या लांबीत.

माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मोजलेलं सांगते. १९९३ मध्ये ग्रीनलंडच्या माथ्यावरच्या गाभ्याचे वार्षिक थर मोजून शास्त्रज्ञांनी दाखवलं की यंगर ड्रायस संपताना तिथे साठणाऱ्या बर्फाचं प्रमाण दुप्पट झालं, आणि तेही एक ते तीन वर्षांत. तापमान काही दशकांत सुमारे १० अंशांनी चढलं. आजचा आपला काळ, होलोसीन, अधिकृतपणे सुरू होतो तो 'नॉर्थग्रिप' नावाच्या गाभ्यात १४९२.४५ मीटर खोलीवर. भूवैज्ञानिकांनी ती रेघच प्रमाण मानलीय. माणसाची शहरं, नांगर, लिपी, हिशेबाच्या वह्या, सगळं त्या रेघेच्या वरच्या बर्फातलं आहे.

बर्फावरून तापमान कसं कळतं हे मुलगी विचारेलच. पाण्यातल्या ऑक्सिजनचा काही अंश थोडा जड असतो, ऑक्सिजन-१८. जड पाण्याची वाफ लवकर पाऊस होऊन पडते. हवा जितकी गार, तितकं ध्रुवाकडे पोचणाऱ्या बर्फात जड पाणी कमी. विली डान्सगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये घरच्या बागेत रिकाम्या बाटलीवर नरसाळं ठेवून पाऊस गोळा केला आणि त्यातलं हे प्रमाण मोजलं. मग त्याच्या लक्षात आलं की जुन्या बर्फात जुनं तापमान लिहिलेलं असणार. १९६६ मध्ये ग्रीनलंडमधल्या कॅम्प सेंच्युरी इथे १३८७ मीटर खोल, थेट खडकापर्यंतचा गाभा निघाला आणि त्यात या उड्या दिसल्या.

तेव्हाही अनेकांनी विश्वास ठेवला नाही. तळाशी बर्फ दुमडला असेल, एकाच ठिकाणचा दोष असेल, अशा शंका आल्या, आणि त्या रास्त होत्या. म्हणून ग्रीनलंडच्या माथ्यावर एकमेकांपासून तीसेक किलोमीटर अंतरावर दोन वेगळ्या पथकांनी दोन भोकं पाडली. युरोपचं १९९२ मध्ये पूर्ण झालं, अमेरिकेचं १९९३ मध्ये. दोन्ही तीन किलोमीटरहून खोल. तळाचा सुमारे दहावा हिस्सा दोघांचा जुळला नाही, तो खरंच दुमडलेला होता. त्याच्या वरचं सगळं उडी न उडी जुळलं. शेवटच्या हिमयुगात अशा सुमारे पंचवीस उड्या आहेत. डान्सगार्ड आणि स्वित्झर्लंडचा हान्स ओश्गर यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात.

दुसरीबाजू, तुम्ही म्हणता ते खरं आहे, या उड्यांमागे माणूस नव्हता. मी याचा अर्थ उलटा लावते. जे यंत्र किरकोळ धक्क्याने आपोआप उडी मारू शकतं ते मजबूत नव्हे, नाजूक म्हणायचं. एखाद्या डोंगरावरून पूर्वी आपणहून दरडी कोसळल्यात, म्हणून तिथे सुरुंग लावायला हरकत नाही, असं कुणी म्हणेल का? आणि माणूस टिकला हे खरंच, पण तेव्हा तो थोडा होता आणि त्याचं बिऱ्हाड पाठीवर होतं. आज आठशे कोटी लोक ठरावीक जागी, ठरावीक ऋतूत पिकणाऱ्या धान्यावर जगतायत.

दुसरीबाजू:
दरडीचा मुद्दा पटला. पण एक अडतंय. त्या पंचवीस उड्या मोठ्या हिमचादरी असताना झाल्या. गेल्या ११,७०० वर्षांत तशी एकही नाही. मग आज तशी उडी बसेल कशावरून?

हिमकण:
हा प्रश्न चांगला आहे आणि याचं सरळ उत्तर असं की हुबेहूब तशीच उडी कुणी अपेक्षित धरत नाही. त्या उड्यांना जे इंधन लागायचं, म्हणजे उत्तर अटलांटिकभोवतीचा अफाट बर्फ, ते आज तेवढं नाही. पण यंत्र तेच आहे.

हे यंत्र म्हणजे अटलांटिकचा उलथापालथीचा प्रवाह, शास्त्रज्ञ त्याला 'एमॉक' म्हणतात. उष्ण कटिबंधातलं गरम, खारं पाणी पृष्ठभागावरून उत्तरेला जातं, वाटेत हवेला उष्णता देतं, गार होतं, जड होतं आणि ग्रीनलंड-आइसलंडच्या आसपास खाली बुडतं. मग खोलातून दक्षिणेकडे परत येतं. पाणी बुडायला नुसता गारवा पुरत नाही, खारटपणाही लागतो. आणि तो खारटपणा तिथवर आणून पोचवतो कोण? हाच प्रवाह. म्हणजे प्रवाह चालू आहे म्हणून प्रवाह चालू राहतो. आता वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी वरून ओता. पाणी हलकं होतं, कमी बुडतं, प्रवाह मंदावतो, त्यामुळे दक्षिणेकडून मीठ कमी येतं, म्हणून पाणी आणखी हलकं. हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ मध्ये पाण्याच्या फक्त दोन पेट्या कल्पून गणिताने दाखवलं की अशा व्यवस्थेच्या दोन स्थिर अवस्था असू शकतात आणि त्यांच्या मधोमध ती टिकत नाही.

होलोसीनमध्ये एकही नाही असं मात्र म्हणू नका. ८,२०० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत वितळत्या हिमचादरीच्या कडेला साठलेलं प्रचंड तळं बर्फाचा बांध फुटून हडसनच्या उपसागरात रिकामं झालं. अ‍ॅगासी त्याचं नाव. त्या गोड्या पाण्यानंतर ग्रीनलंड सुमारे ३ अंशांनी गारठलं आणि दीडशेहून अधिक वर्षं तसंच राहिलं. हिमयुग तोवर संपलेलं होतं.

दुसरं, धक्का आता वेगळ्या बाजूने बसतोय. अंटार्क्टिकाच्या 'डोम सी' इथल्या गाभ्यातल्या हवेच्या बुडबुड्यांत आठ लाख वर्षांचा हिशेब आहे. त्या सगळ्या काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे १७० ते ३०० भाग या पट्ट्यातच वरखाली होत राहिला. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा तो ३१५ च्या घरात होता. आज ४२० च्या वर आहे. ज्या पट्ट्यात ही व्यवस्था आठ लाख वर्षं नांदली, त्या पट्ट्याच्या आपण पार बाहेर आलोय. जुना नकाशा दाखवून 'पुढे खड्डा नाही' असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

खाडीकाठ:
समुद्राच्या बाजूने थोडं जोडतो. २००४ पासून अटलांटिकमध्ये साडेसव्वीस उत्तर अक्षांशावर, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून बहामापर्यंत, तळाला नांगरलेल्या दोरांवर उपकरणं लावून हा प्रवाह सतत मोजला जातोय. 'रॅपिड' म्हणतात त्या प्रकल्पाला. सरासरी निघते सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात ओततात ते साधारण १२ लाख. मी अशा एका मोहिमेवर दोर वर ओढायच्या कामावर होतो. वर्ष-दीड वर्ष खाली राहिलेलं उपकरण डेकवर येतं तेव्हा त्यावर शेवाळाचा आणि कालवांचा थर असतो. तो खरवडून आतली माहिती उतरवून घेईपर्यंत जहाजावर कुणी जेवायला उठत नाही. एक उपकरण हरवलं तर त्या जागचे तेवढे महिने कायमचे कोरे राहतात.

हा प्रवाह मंदावला तर फक्त युरोप गारठेल असं लोक समजतात. विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टाही दक्षिणेला सरकतो. आफ्रिका आणि आशियातला मान्सून त्या पट्ट्याशी बांधलेला आहे. चीनमध्ये नानजिंगजवळच्या हुलू गुहेत थेंबाथेंबाने वाढलेले चुनखडीचे सुळके कापून पाहिले तेव्हा ग्रीनलंडमधल्या उड्यांच्याच वेळी तिथला मान्सून वरखाली झालेला दिसला. कुठे ग्रीनलंड आणि कुठे ती गुहा.

पानगळ:
वाचता वाचता चहा गार झाला. मुलीला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तिचे दोन प्रश्न. एक, हा प्रवाह कोणत्या वर्षी थांबणार? दुसरा, तिला कुणीतरी व्हिडिओ पाठवलाय की ध्रुवाजवळ जमिनीखाली मिथेनचा 'बॉम्ब' आहे आणि तो फुटला की दहा वर्षांत सगळं संपेल. हे खरं का? काल त्या व्हिडिओमुळे तिला झोप लागली नाही.

हिमकण:
आधी दुसऱ्याचं, कारण पोरीची झोप महत्त्वाची. तिला सांगा, तो व्हिडिओ बाजूला ठेव.

समुद्राच्या तळाशी थंडी आणि दाबाने गोठलेला मिथेन आहे हे खरं. पण तो एका झटक्यात बाहेर येऊन हवा बदलेल याला आधार नाही. हेही बर्फानेच सांगितलं. यंगर ड्रायस संपताना तापमान झपाट्याने चढलं, तेव्हाच्या हवेचे बुडबुडे अंटार्क्टिकाच्या बर्फात आहेत. त्यातल्या मिथेनमधला किरणोत्सारी कार्बन मोजला. हा कार्बन काळाबरोबर झिजत संपतो, म्हणून जुन्या, गाडलेल्या साठ्यातून मिथेन उसळला असता तर त्यात तो नसता. २०१७ मध्ये आलेलं उत्तर असं की जुन्या साठ्यांचा वाटा अगदी किरकोळ होता. कायम गोठलेल्या जमिनीची गोष्ट वेगळी, ती खरी काळजीची आहे. तिच्यात सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन आहे, हवेत आज आहे त्याच्या जवळपास दुप्पट. ती वितळतेय आणि कार्बन सोडतेय, पण दशकं आणि शतकं घेऊन. बॉम्ब म्हणण्यापेक्षा बुडाला गळती लागलेली टाकी म्हणा. गळती बुजवायला अजून वेळ असतो.

आता वर्ष. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०२१ च्या अहवालात म्हटलंय की या शतकात एमॉक मंदावण्याची शक्यता खूप जास्त आहे, पण २१०० च्या आधी तो अचानक कोसळणार नाही असं त्यांना मध्यम खात्रीने वाटतं. 'मध्यम खात्री' हे शब्द तिला दोनदा वाचायला सांगा. २०२३ मध्ये एका अभ्यासाने समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानावरून गणित करून शतकाच्या मध्याच्या आसपासची वेळ दिली. इतर शास्त्रज्ञांनी लगेच हरकत घेतली की एवढ्या आडून केलेल्या मोजमापावर वर्ष सांगता येत नाही. मला ती हरकत पटते. जो कुणी वर्ष सांगेल त्याच्यापासून जरा सावध राहा, मग तो घाबरवणारा असो की धीर देणारा. पण खूप नुकसान करणारी गोष्ट घडण्याची शक्यता थोडी असली तरी ती थोडी आहे म्हणून सोडून द्यायची नसते. घराला आग लागेल त्या तारखेची वाट पाहून कुणी वायरिंग दुरुस्त करत नाही.

तिला हातात धरता येईल असं काही हवं असेल तर हे करा. पातेल्यात अर्धा किलो बर्फाचा चुरा आणि अर्धा लिटर गार पाणी घ्या. अगदी मंद आचेवर ठेवा, सारखं ढवळत राहा, आणि दर मिनिटाला तापमान लिहा. आच बदलू नका. आधी तिला अंदाज लिहून ठेवू दे.

पानगळ:
केलं. तिने अंदाज लिहिला होता: 'दर मिनिटाला थोडं थोडं वाढेल, सरळ रेषा.'

पहिली अकरा मिनिटं तापमापी शून्य आणि एकच्या मध्येच. पाचव्या मिनिटाला ती म्हणाली की गॅस लागलाच नाहीये, वाकून ज्योत बघून आली. तुकडे लहान होत होते, आकडा हलत नव्हता. शेवटचा तुकडा विरघळला आणि पुढच्या बारा मिनिटांत ३८ अंश. आच तीच होती. ती बराच वेळ आलेख काढलेल्या कागदाकडे बघत बसली. मग मला म्हणाली, "आई, पहिली अकरा मिनिटं पण उष्णता जातच होती."

हिमकण:
अगदी बरोबर. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत जातं. आपण हवेत अडकवलेल्या जादा उष्णतेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने घेतलाय, थोडा बर्फाने. हवेच्या तापमापीवर दिसतो तो उरलेला अगदी छोटा तुकडा.

एक खबरदारी. पातेलं आणि पृथ्वी एक नव्हेत. पृथ्वीवरचा बर्फ संपला की नुसती तापमापी पळत नाही, आणखी गोष्टी बदलतात. ताजं हिम सूर्याचा ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत पाठवतं, उघडा समुद्र जेमतेम ६. ग्रीनलंडची हिमचादर खाली खाली वितळत आली की तिचा माथा खालच्या, जास्त उबदार हवेत येतो, मग ती आणखी वितळते. तिला पुन्हा उभी करायची तर आधी होतं त्याहून जास्त गारवा लागेल. म्हणून 'नंतर कमी करू' हे इथे चालत नाही. पूर्ण गेली तर समुद्र सात मीटरहून वर येतो. तिला जायला शेकडो-हजारो वर्षं लागतील, पण किती लागतील हे आपण किती अंशांवर आणि किती काळ राहतो त्यावर आहे. १.६ आणि १.९ यांत फरक आहे. हे मी सहज म्हणत नाही, प्रत्येक दशांशाला तिथे अर्थ आहे.

पानगळ:
शेवटचं विचारते. भाषणाला एकच चित्र दाखवता येईल. कोणतं दाखवू? तिला ध्रुवीय अस्वल नकोय.

हिमकण:
लार्सन बी. अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाला चिकटून समुद्रावर तरंगणारा बर्फाचा तट होता, दहा हजार वर्षांहून जास्त काळ टिकलेला. २००२ मध्ये त्याचा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा भाग पाचेक आठवड्यांत चुरा होऊन वाहून गेला. मागच्या हिमनद्यांना तोच अडवून होता. तो गेल्यावर त्या समुद्राकडे कितीतरी पटींनी वेगात सरकू लागल्या. उपग्रहाची चित्रं उपलब्ध आहेत. जानेवारीअखेरचं आणि मार्चच्या सुरुवातीचं, दोन्ही शेजारी लावा.

वर्गातली मुलं आधी मार्चच्या चित्राकडेच बघतील, निळसर चुऱ्याकडे. तिला सांगा, तिने बोट जानेवारीच्या चित्रावर ठेवायचं. त्यात तट अखंड दिसतो, पण पांढऱ्यावर निळ्या रेघा आणि ठिपके आहेत. ती वितळलेल्या पाण्याची डबकी. ते पाणी भेगांत उतरून आतून बर्फ फाडत होतं.